पहिले नाली, मंग हळद

मैलासाहेब कोणाच्याही घरी गेले की प्रथम संडास पाहत आणि मगच बैठकीत बसत. पाहुणा दारातून थेट परसाकडे निघालेला पाहून यजमानाचा व्हायचा तो समज होई आणि तो लगबगीने पाण्याचा डबा भरून पुढे करी. साहेब तो डबा नम्रपणे परत करीत आणि विचारीत, “तशी निकड नाही. विहीर कोणत्या अंगाला आहे, तेवढं सांगा.” मग संडासाच्या टाकीपासून विहिरीपर्यंत ते पावले टाकीत जात, मान हलवीत आणि परत येऊन बसत. पाणी दिले तर पेला काचेचा मागून घेत, उजेडाकडे धरीत, एक डोळा मिटून पाहत आणि मगच ओठांना लावीत. बारशाला, वास्तुशांतीला, इतकेच काय, सांत्वनाला गेले तरी हा क्रम चुकला नाही.

आमच्या वसाहतीच्या स्मरणिकेत त्यांच्यावर जो लेख प्रसिद्ध झाला आहे, त्यात हा क्रम उलटा दिला आहे. आधी चहा, मग संडास. ज्याला एवढेही ठाऊक नाही त्याने पुढे काय काय लिहिले असेल, याची कल्पना सुज्ञ वाचकाने करावी. स्मरणिकाकार त्या काळी वसाहतीत राहतही नव्हते. मी राहत होतो. शिवाय सदर भागातल्या ज्या सरकारी कचेरीत साहेब सांडपाण्याच्या योजना आखीत, तेथे मी आरेखक होतो. त्यांच्या डोक्यातली प्रत्येक गटार माझ्या हातून नकाशावर उतरली आहे. तेव्हा मैलासाहेबांविषयी बोलण्याचा पहिला अधिकार माझा आहे आणि तो मी येथे बजावीत आहे.

स्मरणिकाकार म्हणतात, हे हेटाळणीचे नाव कानी पडले की साहेब खिन्न होत. खिन्न कशाला होतील? कचेरीतला फोन वाजला की ते स्वतःच “मैलासाहेब बोलतोय” असे सांगत. त्यांचे मूळ नाव त्यांच्या पत्नीला आणि पगार वाटणाऱ्या कारकुनालाच ठाऊक असावे. या विषयाची लाज वाटणाऱ्या माणसांचीच त्यांना कीव येई. “माणूस साखळी ओढतो आणि समजतो, विषय संपला,” ते म्हणत. “अरे, विषय तिथून सुरू होतो.” सरकारने लोकांच्या संडासात का डोकावावे, असे कोणी चिडून विचारले, तर त्यांचे उत्तर तयार असे. “टाकीपर्यंत संडास तुमचा. टाकीच्या पुढे तो सगळ्यांचा.”

त्या काळी आमच्या वसाहतीत घरोघरी मैल्याची टाकी होती आणि घरोघरी विहीरही होती. दोघींमध्ये अंतर असावे एवढा साधा विचारही घरे बांधताना कोणी केला नव्हता. टाक्या पाझरत, उरलेले ओघळ नाल्याने नागनदीकडे जात आणि लोक निवांतपणे विहिरीचे पाणी पीत. साहेबांची योजना अशी की, साऱ्या वसाहतीला एक बंद गटार घालावी, तिचे पाणी शुद्ध करूनच पुढे सोडावे आणि टाक्या बुजवाव्यात. मी ती गटार नकाशावर पेन्सिलीने काढून ठेवली होती. मंजूर झाली की तिच्यावर शाई फिरवायची, ही कचेरीची रीत. वर्षे गेली तरी शाईची पाळी येईना. साहेब नकाशासमोर उभे राहून म्हणत, “पेन्सिलीच्या गटारीतून काही वाहत नसतं.”

अडले होते ते वसाहतीतल्या मालगुजारांपाशी. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, केव्हाच गेली होती, मालगुजार तेवढे उरले होते. गटार त्यांच्या परसातल्या संत्र्यांच्या झाडांखालून जाणार होती. त्यांनी वसाहतीच्या सह्यांसह विरोध नोंदवला होता आणि विरोधाचा आधार होता त्यांची विहीर. तिच्या पाण्याची ख्याती दूरवर होती. लग्नकार्यात त्याच पाण्याचा चहा होई.

“आमच्या हिरीचं पानी गोड हाय, साहेब. मंग टाकी झिरपते म्हनून काहून सांगून राहिले तुम्ही?”

“गोड काहून आहे, तेच तर तपासायचं आहे,” साहेब शांतपणे म्हणाले.

त्यानंतर मालगुजारांनी त्यांना फाटकाच्या आत घेतले नाही. टाकीत रंगाची पूड टाकून पाहायची आणि विहिरीला रंग येतो का ते बघायचे, ही साहेबांची तपासणी त्यांनी साफ नाकारली. पुरावा नाही म्हणून मंजुरी नाही आणि परवानगी नाही म्हणून पुरावा नाही, असे ते सरकारी चक्र फिरत राहिले.

अशा वेळी साहेबांच्या लेकीला, प्रमिलेला, स्थळ आले ते नेमके मालगुजारांच्या मुलाचे, आणि फाटक सोयरिकीपुरते उघडले. मुलगा सरळ, वनखात्यात नोकरीला. प्रमिलेने त्याला पाहिले आणि एरवी साऱ्या घराला हसवणारी ती मुलगी दोन दिवस गप्प राहिली. साहेबांच्या पत्नीने त्या मौनाचा अर्थ बरोबर लावला आणि नवऱ्याला बजावले, “घर पाहायला चाललात, तर घरच पाहा. परसाकडे जायचं नाही.” साहेबांनी मान डोलावली. मी मध्यस्थ म्हणून सोबत होतो.

येथे स्मरणिकाकारांनी अन्यायाची कमाल केली आहे. साहेबांनी “चोरून” रंग टाकला, असे ते लिहितात. मी शेजारी बसलो होतो. साहेबांनी उठून स्पष्ट शब्दांत विचारले, “जरा संडासाला जाऊन येऊ का?” मालगुजार म्हणाले, “जा ना, आता आपलंच घर समजा.” याहून स्वच्छ परवानगी कोणत्या कायद्यात असते? कोटाच्या खिशात पूड आहे का, हे मालगुजारांनी विचारले नाही, म्हणून साहेबांनी सांगितले नाही. परतताना त्यांनी मला हिशोब समजावला. जमिनीचा पोत पाहता रंग विहिरीत उतरायला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उलटून जाईल. तोवर सोयरीक पक्की होईल आणि मग घरातल्या घरात गोडीने सांगता येईल.

खालचा खडक फुटका निघाला.

चैत्राचे ऊन होते. साक्षगंधाला आमच्या खात्याचे सर्वांत वरचे साहेबही आले होते. मंजुरीची सही त्यांचीच. आचाऱ्याने पहाटे पाणी शेंदले, ते हिरवे दिसले. त्याला वाटले, घरच्यांनी वाळा टाकला. त्याने साखर आणि बर्फ घातला. घरच्यांना सरबत हिरवे दिसले. त्यांना वाटले, आचाऱ्याने वाळा टाकला. दोन्ही पक्ष एकमेकांच्या हौसेवर खूश होते. पेले फिरू लागले.

“रंग तर फर्स्ट क्लास आला गा, पर वास नाही लागून राहिला,” कोणीतरी म्हणाले.

“अस्सल वाळ्याचा वास दबूनच असतो,” वरचे साहेब म्हणाले आणि दुसरा पेला घेतला.

मालगुजारांनी मिशीला पीळ दिला. “हिरीचा गुन हाय साहेब. आमच्या पान्यात काहीबी घाला, तरतरी येतेच.”

मैलासाहेबांच्या हाती पेला आला. सवयीप्रमाणे त्यांनी तो उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि दुसरा तसाच उघडा राहिला. मी समोर होतो, त्यामुळे पुढचे मी पाहिले आहे. कोणा स्मरणिकेकडून ऐकलेले नाही. बोलावे तर मुलीचे लग्न जाते आणि गप्प राहावे तर चाळीसएक माणसे मैल्याचे पाणी पितात. त्यांनी पेला खाली घेतला, पुन्हा वर धरला. मग प्रमिलेकडे पाहिले. तिच्यापुढचा पेला भरलेला होता. तिने तो हळूच पाटाआड सरकवलेला होता. लहानपणापासून ज्या मुलीने बापाच्या टेबलावर ही पूड पाहिली, तिला वाळा कोण शिकवणार? ती एवढेच म्हणाली, “बाबा, सांगा.”

साहेब उभे राहिले. “कोणी पिऊ नका. हा वाळा नाही. हा माझा रंग आहे.”

“म्हंजे आमी काय पिऊन राहिलो?” मालगुजारांनी विचारले.

“सांगतो. आधी पेला खाली ठेवा.”

साहेबांनी सांगितले. अगदी क्रमाने, टाकी, खडक, विहीर असे सांगितले. भाषणाच्या शेवटी अंगणात एकही माणूस बसलेला नव्हता. वरच्या साहेबांनी ज्या रुमालाने मिशा पुसल्या होत्या, तो उलगडून पाहिला आणि ते संत्र्यांच्या झाडांमागे निघून गेले. रंग निरुपद्रवी आहे, असे मैलासाहेब त्यांच्या पाठीमागून ओरडून सांगत होते. रंगाविषयी कोणाची तक्रारच नव्हती.

लग्न तेथेच मोडले आणि प्रमिला ओक्साबोक्शी रडली, असे स्मरणिका म्हणते. धादांत खोटे. रडत होता तो आचारी. मालगुजार लाल होऊन काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या पत्नी, सारे ज्यांना बाईसाहेब म्हणत, पदर खोचून पुढे आल्या.

“थांबा जी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “इतके वर्स आपन काय पिऊन राहिलो, ते एका मानसानं सांगतलं. तेही सोताच्या पोरीचं लगन डावावर लावून. तुमाले असा इवाई कुठी भेटन?” मग प्रमिलेकडे वळून म्हणाल्या, “तू काहून उभी वं? बस. पोरगी मले पसंत हाय. पर ह्या घरात पहिले नाली, मंग हळद.”

आता नवरामुलगा पुढे आला. तो म्हणाला, “मंग नाली लवकर करा ना.”

त्यानंतर जे घडले त्याला स्मरणिकेत “मालगुजारांचे अथक प्रयत्न” म्हटले आहे आणि चौकातल्या पाटीवर त्यांचे नाव कोरले आहे. प्रयत्न अथक होते, हे मी नाकारीत नाही. ज्या माणसाने गटारीविरुद्ध सह्या गोळा केल्या, तोच रोज सकाळी कचेरीच्या पायरीवर येऊन मला विचारी, “कुठवर आली गा नाली?” मुलगा घरी जेवेनासा झाला होता. परंतु पेन्सिलीवर शाई फिरली ती वरच्या साहेबांमुळे. दोन पेले पोटात गेलेला अधिकारी फायलीवर किती झरझर सही करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारले, “आता कशासाठी थांबलात?” मी त्याच दुपारी शाई फिरवली. माझा हात तेवढा स्थिर पुन्हा कधी चालला नाही.

पुढल्या वर्षी वैशाखात लग्न झाले. वरात गटारीच्या अजून न बुजवलेल्या चराच्या कडेला अडली, घोडा ओलांडेना, तेव्हा नवरदेव उतरून फळीवरून चालत आला. मुहूर्ताच्या वेळी वधुपिता गटारीच्या तोंडाशी उभा होता, असेही छापले गेले आहे. मुहूर्ताच्या आधी ते तेथे होते. हात धुऊन ते वेळेवर मांडवात आले. त्यानंतर टाकी बुजवली, विहीर उपसली आणि साहेबांनी शेजारपाजारच्या बुजवायच्या राहिलेल्या टाक्यांत पुन्हा रंग टाकला, तेव्हा विहिरीचे पाणी नितळ राहिले.

तरी व्याह्यांच्या घरी पेला उजेडाकडे धरण्याची सवय मोडली नाही. बाईसाहेब म्हणत, “इवाई, आता तरी इस्वास ठेवा.” साहेब म्हणत, “विश्वास आहेच, पण डोळ्यांना त्याची खबर नाही.” मालगुजार दरवेळी तोंड फिरवीत. निवृत्तीनंतरही वर्षानुवर्षे हे चालले.

शेवटच्या आजारात साहेब लेकीकडे, म्हणजे त्याच घरात, खिडकीजवळच्या खाटेवर होते. मी भेटायला गेलो, त्या दिवशी मालगुजारांनी स्वतः विहिरीचे पाणी काढले, काचेच्या पेल्यात ओतले आणि खाटेशी उभे राहिले. साहेबांनी पेला घेतला. खिडकी उशाशीच होती आणि ऊन भरपूर होते. त्यांनी पेला वर धरला नाही. सरळ ओठांना लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मालगुजार रिकामा पेला घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

स्मरणिकाकारांनी याचा खुलासा असा केला आहे की, तोवर साहेबांना दिसेनासे झाले होते. त्यांच्या लेखातली सर्व विधाने मी एकवेळ माफ करीन, हे एक करणार नाही. पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिले आणि मला म्हणाले, “गटारीचं झाकण तिरपं बसलंय. जाऊन नीट करून या.” मी गेलो. वाकून पाहिले. झाकण बोटभर तिरपे होते.