शेर्गाझीची झोप कोणी मोडायची

कप्तान शेर्गाझीने एकतीस वर्षांत विमानं उतरवली त्याहून जास्त डायरेक्टर उतरवले, असं बिश्केकच्या विमानतळावरचे हमाल म्हणत. खोटं आहे. डायरेक्टर पाचच उतरवले. सहावा टिकला, कारण त्याच्याशी शेर्गाझीने करार केला होता, आणि सही केलेल्या कागदाला हा गडी आईच्या शपथेसारखा मानायचा.

तो करार झोपेचा होता.

त्याआधी कंपनीत वैमानिकाची विश्रांती म्हणजे काय, तर त्याला घरी सोडायचं आणि दर दोन तासांनी फोन करायचा.

"बाइके, झोपलात का?" मोठ्या भावाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणत रोस्टरवाले विचारायचे.

"झोपलो होतो."

"मग झोपा, झोपा. रोस्टरमध्ये 'झोपले' अशी टिक करायची होती."

अशा चार टिका एकाच रात्रीत झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तू-आशू खिंडीवर शेर्गाझी उघड्या डोळ्यांनी झोपला. शेजारचा सहवैमानिक मिटलेल्या डोळ्यांनी. विमान आपलं आपण चालत राहिलं म्हणून बहात्तर माणसं ओशला जिवंत पोचली आणि तक्रार केली ती फक्त चहा थंड असल्याची. शेर्गाझीने त्या दिवशी टोपी काढली, आत थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि युनियनची सभा बोलावली.

वैमानिकांना संपाची बंदी होती. झोपायची नव्हती. एकेचाळीस वैमानिक पूर्ण गणवेशात, छातीवर पंख लावून, घरून आणलेल्या गाद्या डायरेक्टरच्या केबिनबाहेर कॉरिडॉरभर अंथरून आडवे झाले. घोषणा नाही, फलक नाही. नुसतं घोरणं. डायरेक्टर तीन दिवस बॅग डोक्यावर धरून, एकेकाला ओलांडत केबिनमध्ये जायचा. तिसऱ्या संध्याकाळी त्याचा पाय शेर्गाझीच्या पोटावर पडला.

"सॉरी, शेर्गाझी."

"सॉरी नको. सही कर."

सही झाली. कलम सतरा: विश्रांतीच्या काळात कंपनीने वैमानिकाशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधला, तर विश्रांतीचे बारा तास पहिल्या मिनिटापासून पुन्हा मोजले जातील. डायरेक्टरने गुपचूप एक ओळ खाली जोडली, सतरा-ब: असे तास पुन्हा मोजायला घेतल्याचे कंपनीने वैमानिकाला ताबडतोब फोनवर कळवावे.

"हे कशाला?" शेर्गाझीने विचारलं होतं.

"तुम्हाला कळायला नको? तुमच्याच हक्काचं आहे."

विजयाच्या धुंदीत शेर्गाझीला ते पटलं. सतरा आणि सतरा-ब एकाखाली एक ठेवून कोणी वाचलंच नाही. अकरा वर्षं गरजही पडली नाही, कारण विश्रांतीवरच्या वैमानिकाला फोन करायची कंपनीत कोणाची छाती झाली नाही. पोरांना झोपा मिळाल्या. बायका युनियनला दुवा द्यायच्या.

मग शेर्गाझी पासष्टचा व्हायला आला.

शुक्रवारी पासष्ट पूर्ण. त्या दिवसापासून प्रवासी विमान उडवायला कायद्याने मनाई. गुरुवारी दुपारी एकचं ओशचं उड्डाण हे शेवटचं. ओश त्याचं गाव. धावपट्टीवर बहीण तुर्सुनाय तीस नातलग आणि फुलांचा एक भारा घेऊन उभी राहणार होती. बायको गुलसुन पहिल्यांदाच त्याच्या विमानात बसणार होती. एकतीस वर्षं ती म्हणायची, "तुझा हात स्वयंपाकघरात बघितलाय मी, आकाशात कशाला बघू?" या खेपेला मात्र तिने दोन दिवस आधी बोरसोक, पिठाचे ते फुगीर तुकडे, तळायला घेतले.

बुधवारी सकाळी नऊला, शेर्गाझी विश्रांतीवर असताना, फोन वाजला. रोस्टर विभागाची निनेल. तिच्या बापाने पक्षाच्या भक्तीपायी लेनिनचं नाव उलटं करून लेकीला ठेवलं होतं. ती स्वतः मात्र जन्मात एकही गोष्ट उलटी करणारी नव्हती. नियम म्हणजे नियम.

"शेर्गाझी बाइके! उद्याच्या केकवर काय लिहायचं? 'कप्तान' लिहू की नुसतं 'बाइके'? मला बाई रडूच..."

"निनेल. फोन कुठून करतेयस?"

पलीकडून बारीक आवाजात, "ऑफिसातून."

"म्हणजे कंपनीने संपर्क साधला."

"हो, बाइके."

"हरकत नाही. आत्ता नऊ. रात्री नऊला बारा तास होतात. उद्या एकचं उड्डाण आहे. केकवर 'कप्तान' लिही."

त्याने फोन ठेवला. पाचव्या मिनिटाला परत वाजला.

"बाइके, सतरा-ब खाली तुम्हाला अधिकृतपणे कळवते की तुमचे बारा तास पुन्हा सुरू झालेत."

"कळलं."

"पण... आता मी हा फोन केला ना."

शेर्गाझीच्या हातातला बोरसोक तोंडापाशी थांबला.

"संगणकात चौकट आहे, बाइके. 'वैमानिकाला कळवले.' टिक केली नाही तर तुमचं नाव लाल राहतं आणि उड्डाणाला लागत नाही. टिक केली की तो म्हणतो, अरे, फोन झाला, म्हणजे संपर्क झाला. घड्याळ परत शून्यावर, आणि चौकट परत रिकामी."

"मग परत कळव."

"कळवू?"

"नको! थांब. कळव. नको."

दुपारपर्यंत निनेलने एकोणीस वेळा कळवलं. प्रत्येक वेळी हुंदका देऊन, आणि प्रत्येक वेळी वहीत वेळ लिहून. जगाच्या पाठीवर इतक्या कायदेशीरपणे कोणाला विश्रांती मिळाली नसेल. गुलसुन शेवटी कढई उतरवून आली.

"म्हाताऱ्या, ती बाई तुला झोपवून मारणार. उद्या सरळ जा, बस विमानात, उडव. कोण अडवतंय?"

"माझं कलम अडवतंय."

"मग तुझ्या कलमाला सांग, तुझा बाप आहे मी."

चार वाजता डायरेक्टर स्वतः दारात. फाटकाबाहेर एक पाय, फाटकाच्या आत एक पाय.

"कंपनी म्हणून आलायस की माणूस म्हणून?" शेर्गाझीने खिडकीतून विचारलं.

"माणूस म्हणून."

"मग हातात कंपनीचा कागद कसा?"

डायरेक्टरने कागद पाठीमागे नेला. मग विचार करून पुढे आणला. "एका ओळीचा आहे. 'माझ्या राजीखुशीने कलम सतरा मला लागू करू नये.' खाली सही कर, उद्या उडव. तुझी बहीण फुलं घेऊन उभी राहणार आहे, शेर्गाझी. मला काय वाईट वाटत नाही?"

"राजीखुशीने."

"राजीखुशीने."

"उद्या हाच कागद माझ्या चेल्यापुढे, बेकतेमिरपुढे येईल. त्याचं पोर दोन महिन्यांचं आहे. तू म्हणशील, राजीखुशीने कर सही, नाहीतर पुढच्या महिन्यात सगळ्या पहाटेच्या फेऱ्या तुला. परवा बाकीच्यांपुढे. ओळखतो मी तुझी राजीखुशी. तू सतरा-ब काढ. आपण दोघं आत्ता सही करू."

"ब काढलं तर अ, म्हणजे मूळ सतरा पण काढावं लागेल. जोडीने आलेत, जोडीने जातील."

"मग चालायला लाग. तुझ्या पायानेही माझी विश्रांती मोडतेय."

डायरेक्टर गेला. शेर्गाझी काही लाकडाचा नव्हता. चाळीस मिनिटांचं उड्डाण. खिंडीवरून उजवीकडे वळायचं, फरगणाची सपाटी समोर उघडते तेव्हा नाक हळूच खाली करायचं. पुन्हा नाही. कधीच नाही. पेन खिशातच होतं, कागद एका हाकेवर परत आला असता. त्याने ते काढलं, टोपण उघडलं, परत लावलं, मग गुलसुनला हाक मारली.

"बाजारातल्या खिडकीवर जा. ओशचं उद्याचं तिकीट काढ. दोन. कंपनीच्या ऑफिसात जाऊ नकोस, तो संपर्क होतो."

"तू प्रवासी?"

"मी विश्रांतीवर आहे. विश्रांतीवरचा माणूस कुठेही बसू शकतो."

गुरुवारी दुपारी शेर्गाझी चौदा-सी वर बसला. कोट-पँट, मांडीवर टोपी. कप्तान होता बेकतेमिर, ज्याला शेर्गाझीनेच उडवायला शिकवलं. विमानात कर्मचाऱ्यांनी त्याला बघितलं आणि सगळ्यांनी तोंडं मिटली. कोणी एक शब्द बोललं तर कंपनीचा संपर्क. हवाई सुंदरीने पट्टा बांधा हे सगळ्यांना सांगितलं, त्याच्यापाशी येऊन नुसते दोन्ही हात पोटाजवळ जुळवले. त्याने पट्टा बांधला. चहा आला तो शेजारच्या माणसाला "घ्या ना" म्हणत, आणि त्याच्यापुढे न बोलता, तोंड फिरवून. बेकतेमिरला सूचना देणं भाग होतं. बराच वेळ माइक नुसता खरखरला.

"सर्व प्रवाशांचं स्वागत आहे," शेवटी तो म्हणाला. "चौदा-सी वगळून. आपण बावीस हजार फुटांवरून जाऊ. चौदा-सी ने हे ऐकलं असेल तर ते त्याच्या जबाबदारीवर."

अख्खं विमान वळून बघू लागलं. पंधरा-बीच्या बाईने गुलसुनच्या कानात विचारलं, "कैदी आहे का हो?"

"नवरा आहे," गुलसुन म्हणाली.

शेर्गाझीने ठरवलं होतं की चाळीस मिनिटांतलं एकेक मिनिट डोळे फाडून बघायचं. पण आदल्या दिवसाचे फोन, रात्रभराची तळमळ. चाकं उचलल्याचा आवाज झाला आणि त्याची मान पडली. खिंड आली, गेली. उजवं वळण झालं. सपाटी उघडली. हा माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. ओशला चाकं टेकली इतकी अलगद की गुलसुनलाही कळलं नाही.

सगळे उतरले. चौदा-सी घोरतच होता.

हवाई सुंदरी आली, परत गेली. बेकतेमिर आला. त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला. उठवणं हा संपर्क. तो गुलसुनपुढे हात जोडून उभा राहिला.

"गुलसुन वहिनी, तुम्ही कंपनीच्या नाही आहात. तुम्हीच उठवा."

गुलसुनने पदराची गाठ सोडावी तशी पिशवीची गाठ सोडली आणि कुरुतचा, वाळवलेल्या दह्याचा, एक खडा तोंडात टाकला.

"उठवते ना. झोप पुरी होऊ दे."

"किती वेळ?"

"कलमात किती लिहिलंय?"

"बारा तास!"

"मग बारा."

परतीचे प्रवासी खाली उन्हात उभे. विमानतळावरचा पोलीस वर आला, गुलसुनकडे बघितलं, खाली गेला. बेकतेमिरने डायरेक्टरला फोन लावला. डायरेक्टर इतक्या जोरात ओरडत होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती. परतीच्या रांगेत त्याचे स्वतःचे व्याही होते. पोरगी नुकतीच दिलेली, आज बिश्केकला पहिलं जेवण, घोडा कापलेला, पन्नास माणसं बसलेली. व्याह्यांना उन्हात उभं ठेवलं तर सात पिढ्या तोंड काळं.

"आण तो फोन," गुलसुन म्हणाली. "हं, साहेब. मी बायको बोलते. व्याही छान आहेत हो तुमचे. म्हातारबुवा छत्री शोधतायत."

"वहिनी, पाया पडतो, उठवा त्याला!"

"ते सतरा-ब काढा. अ राहू दे, नुसतं ब. आणि त्या राजीखुशीच्या कागदाची होळी करा. लिहून, शिक्का मारून, निनेलकडून फोटो पाठवा. तुमच्या शब्दावर मी लसूणही विकत घेणार नाही."

"हा ब्लॅकमेल आहे!"

"नाही हो. माझा नवरा झोपलाय, एवढंच आहे."

सतरा मिनिटं गेली. खाली व्याहीणबाईंनी बॅगेवर बसकण मारल्याची बातमी आली. आणखी चार मिनिटांनी फोटो आला. शिक्का, सही, तारीख, आणि कोपऱ्यात निनेलच्या हातचं बारीक अक्षर: 'मी तपासलं, ताई, खरं आहे.' गुलसुनने बेकतेमिरकडून तो दोनदा वाचून घेतला. मग कोपराने एक ढोसणी दिली.

"ऊठ, म्हाताऱ्या."

शेर्गाझीने डोळे उघडले. "खिंड आली?"

"ओश आलं."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. काँक्रीट. उभा ट्रॅक्टर. त्याचा चेहरा क्षणभर असा झाला की गुलसुनने नजर दुसरीकडे वळवली. "मला उठवायचंस ना, गं."

"उठवलं असतं तर तू नुसता डोंगर बघितला असतास. हे बघ काय मिळालं."

त्याने फोटो वाचला. चष्मा लावून परत वाचला. टोपी डोक्यावर ठेवली, कोटाची बटणं लावली आणि जिन्याकडे निघाला.

खाली तुर्सुनाय फुलांच्या भाऱ्यामागे जवळजवळ दिसत नव्हती. तीस नातलगांनी टाळ्या वाजवल्या.

"काय सुंदर उतरवलंस रे, दादा! कळलंसुद्धा नाही!"

"मी नाही उतरवलं. मी झोपलो होतो."

टाळ्या विस्कटल्या. तुर्सुनायला फुलं कुठे ठेवावीत कळेना. "मग ही कोणाला द्यायची?"

"त्याला दे." शेर्गाझीने जिन्यावरच्या बेकतेमिरकडे बोट केलं. "कळलं नाही म्हणतेस ना, तर त्यालाच दे."

बेकतेमिरच्या हातात फुलं आली. त्याचे डोळे भरले. ओठ हलले, आणि बंद झाले.

"बोल ना रे, गाढवा," शेर्गाझी म्हणाला. "आता काय राहिलंय?"

बेकतेमिरने मान हलवली. नाही. मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, बाराच्या आकड्यावर टक टक केलं. मध्यरात्रीपर्यंत शेर्गाझी कंपनीचा वैमानिक होता, आणि विश्रांतीवर होता. मग त्याने टाचा जुळवून, एक शब्द न काढता, फुलांसकट सलाम ठोकला आणि व्याह्यांना चढवून घ्यायला वळला.