दुसरं रीळ आधी

डोंबिवलीत आमच्या वाचनालयाने शाळेच्या पटांगणात एकदा फ्रेंच लघुपट दाखवला. फ्रेंच कुणालाच येत नव्हतं. एक माणूस आहे आणि त्याचा कुत्रा आहे, एवढंच मुंबईत फिल्मचे डबे देणाऱ्याने सांगितलं होतं. डबे दोन होते. यंत्रावर मी होतो. मी दुसरं रीळ आधी लावलं.

त्यामुळे कुत्रा सुरुवातीलाच मेला. माणसाने त्याला झाडाखाली पुरलं, घरी येऊन साखळी खुंटीला अडकवली आणि 'समाप्त' अशा अर्थाचं काहीतरी आलं. मग मी उरलेलं रीळ चढवलं. आधी चित्रपटाचं नाव आलं. नाव मध्येच येण्याची तिकडे पद्धत असेल, असं सगळ्यांनी समजुतीने घेतलं. नंतर तोच माणूस त्याच कुत्र्याबरोबर नदीकाठी पाव खाताना दिसला. तेव्हा घोटाळा माझ्या लक्षात आला. यंत्र थांबवून चूक कबूल करणार, एवढ्यात निवृत्त हेडमास्तर उभे राहिले.

"पुनर्जन्म! बघा, फ्रेंचांनासुद्धा मान्य आहे!"

टाळ्या पडल्या. मी यंत्र चालूच ठेवलं.

शेजारचे काका त्या गर्दीत होते. त्यांचा काळा कुत्रा नुकताच साप चावून गेला होता. तेव्हापासून संध्याकाळी खाडीवर जाणं बंद, जेवण नावापुरतं. "ह्यांना तेवढं घेऊन जा रे," असं काकूंनीच मला विनवलं होतं. सिनेमा कशाचा आहे, ते मी सांगितलं नव्हतं.

परतताना काकांनी विचारलं, "किती दिवसांनी आला असेल रे तो?"

"सिनेमात थोडक्यात दाखवतात, काका."

"तेही खरंच."

पुढे त्यांच्या ओट्यावर एक तांबडी कुत्री येऊन बसायला लागली. काकांनी तिला नीट न्याहाळलं. "रंग बदललाय," ते म्हणाले, "आणि बाईमाणूस झालाय."

"मग आता तरी ऐकेल कुणाचं," काकू म्हणाल्या.

काका पुन्हा खाडीवर जाऊ लागले. जेवू लागले. मला मात्र घास गोड लागेना. भल्या माणसाला मी फसवत होतो.

पुढच्या वर्षी काकांच्या आग्रहाखातर तोच लघुपट पुन्हा मागवला. या वेळी सरळ दाखवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. काका कुत्रीला घेऊन पुढच्या सतरंजीवर बसले. सरळ दाखवला, तर त्यांचा कुत्रा शेवटी मरणार होता. मी दुसरं रीळ लावलं.

पडद्यावरचा माणूस झाडाखाली खणायला लागला, तसे काका तिच्या कानाशी वाकले.

"घाबरू नकोस गं. पुढे आहे अजून."