भोकांचे पारखी

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दर रविवारी नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सेंद्रिय शेतीचा टेम्पो येतो. आम्ही सभासदांनी हंगामभर शेत देईल ती भाजी घ्यायची, असं ठरलेलं. हे गृहस्थ गवती टोपी घालून, आत्ताच नांगर सोडून आल्याच्या थाटात उभे राहतात आणि पालकाचं पान उन्हाकडे धरून अळीची भोकं शोधतात. भोक दिसलं की मुलीला स्थळ सापडल्यासारखा चेहरा खुलतो.

तरुणपणी पनवेलच्या बाजारात मी एका भोकासाठी अख्खी जुडी भाजीवालीच्या अंगावर टाकायचे. अक्कल एवढीच होती, फक्त टोपी नव्हती.

गेल्या रविवारी पालक स्वच्छ निघाला. गृहस्थ गरजले, "भोक नाही म्हणजे फवारलेला बाजारचा माल! मी सभासदत्व सोडतोय." बाकीचेही पिशव्यांच्या घड्या घालू लागले.

टेम्पोवर भाजी देणारी शेतवाली रडवेली झाली. "आमच्याच वाफ्यातला हाय वो दादा! यंदा कीड नाय पडली, त्याला आमी काय करू?"

मी टेम्पोमागे गेले, बांगडीतली मोठी सेफ्टीपिन काढली आणि एक जुडी सजवून त्यांच्या हाती दिली. "ही तळाशी होती हो."

त्यांनी पान उन्हाकडे धरलं. "हां! याला म्हणतात शेतातला पालक!"

साऱ्या पिशव्या पुन्हा उघडल्या. शेतवाली माझ्या कानाशी लागली, "आजी, अळी पण एवढी रांगेत नाय खात."