लग्नाच्या गाडीला मुशीचे तेल

‘मी नको म्हणून सांगितलं होतं.’ हे वाक्य मी एका मे महिन्यात, बोईसरहून पामकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये, चार माणसांसमोर उच्चारले. ते खोटे होते. ते खोटे आहे हे माझ्याखेरीज तिथे एकालाच माहीत होते, आणि तो गप्प राहिला. मी आजन्म हळू आवाजात बोलत आलो आहे. लोक त्याला सौजन्य समजतात. हळू बोलणाऱ्याचे खोटेही सौम्य वाटते आणि म्हणून खरे वाटते, हे मला त्या दिवशी कळले. पुढे कित्येक वर्षे मी ते कोणालाही, पत्नीलाही, सांगितले नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी बोईसरला आलो आणि नोकरी सुटल्यावर पत्र्याच्या कामाची शेड टाकली. टाक्यांची झाकणे, यंत्रांवरची आवरणे, हवेचे डक्ट असली कामे मी करीत असे. हळूहळू ती मोठ्या ठेकेदारांकडे जाऊ लागली आणि माझी यंत्रे आठवडा आठवडा ताडपत्रीखाली झाकलेली राहू लागली. अशा दिवसांत आमच्याच भागातल्या माहीम गावच्या एका बागायतदार घराण्यातला तरुण माझ्याकडे आला. तो मुंबईत राहत असे. त्यांच्या पानवेलीच्या वाडीत, झावळ्यांनी शाकारलेल्या एका मांडवाखाली, त्याच्या आजोबांची मोटार उभी होती.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात काही श्रीमंत माणसे मोटार तयार घेत नसत. इंजिन आणि चासी, म्हणजे चाकांवरचा खालचा सांगाडा, एका कारखान्याकडून घ्यायची आणि वरची बॉडी दुसऱ्या कारागिरांकडून आपल्या मापाने बांधून घ्यायची. कापड एकाकडून घ्यावे आणि कोट दुसऱ्याकडून शिवावा, तसे. आजोबांची गाडी विलायतेत अशीच बांधलेली होती. ते उंच होते आणि पगडी घालीत, म्हणून छत चार बोटे वर घेतलेले. मागच्या आसनाच्या कडेला पानाच्या डब्यासाठी मखमली कप्पा. हाताने ठोकलेली असल्यामुळे दोन दारे एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हती, आणि का कोण जाणे, मला त्या गाडीत तेच सर्वांत आवडले. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडाची चौकट. पत्र्याची कड लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी बसवलेली. पत्र्याचे काम माझ्या हातचे होते. लाकूड मात्र वाळवीने आणि खाऱ्या दमटपणाने संपवले होते. बोटाने दाबले की भुसा सांडे.

तरुण म्हणाला, “काका, मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. पाठवणी याच गाडीतून करायची.” मी हो म्हटले. शेड बंद पडू द्यायची नसेल तर नाही म्हणण्याची माझी स्थिती नव्हती.

लाकडासाठी मी किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या एका मिस्त्रींना बोलावले. ते होड्या बांधत. वयाने माझ्याहून बरेच मोठे. फायबरच्या होड्या आल्यापासून नवी लाकडी होडी त्यांना कोणी सांगितली नव्हती. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, “शेट, ही उपडी घातलेली होडी हाय. छप्पर खाली करा, लगेच दर्यात ढकलतो.” शेडमधले दोघे उत्तरेकडचे कामगार हसले, आणि मिस्त्री त्या दिवसापासून आमच्यातले झाले. छताच्या कमानींसाठी ते सरळ फळी कापून वाक काढायला तयार नव्हते. जन्मतःच वळलेल्या बाभळीच्या फांद्या शोधत गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यात त्यांच्या चालीत आलेली तरतरी मी पाहिली आहे. म्हणून पुढचे सांगणे अधिक जड जाते.

चौकट उभी राहिली. पत्रा चढवण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारले, “शेट, आतून तेल मारू का? नायतर ही वाळवी परत खाईल.” तेल म्हणजे मुशीच्या, शार्क माशाच्या, काळजाचे तेल, होडीच्या फळ्यांना लावतात ते. त्याचा वास मला ठाऊक होता. दुसरा उपाय होता, पण ते औषध मुंबईहून आणायचे, दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे. तेवढी सवड उरली नव्हती. मी कामातून मान वर न करता म्हणालो, “मारा.”

ते म्हणाले, “वास येल हां थोडा.”

“अस्तर लागल्यावर कळणार नाही,” मी म्हणालो.

उघड्या शेडमध्ये खरोखरच काही कळले नाही. कारखान्यांच्या हवेत राहून आमची नाके बोथट झालेली. पत्रा चढला, अस्तर लागले, कातडी आसने बसली, काचा आल्या. मग मेचे ऊन दोन दिवस गाडीवर पडले आणि तिसऱ्या दिवशी मी दार उघडले तेव्हा आतून सुकट वाळत घातलेल्या खळ्याचा वास अंगावर आला.

त्यानंतरचे दिवस तो वास घालवण्यात गेले. मी आत कोळशाची पोती ठेवली. कापूर जाळला. लिंबे चिरून आसनांखाली लावली, कॉफीची पूड पसरली, चारही दारे उघडी टाकून मोठा पंखा लावला. थोडा वेळ कापराचा वास येई, मग त्याच्या पाठीमागून मासळी पुन्हा पुढे येई. एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, “दुल्हन के साथ मोहल्ले की सारी बिल्लियाँ ससुराल जाएँगी.” मी त्याच्यावर ओरडलो. त्या शेडमध्ये मी आवाज चढवल्याचा तो एकमेव प्रसंग.

मिस्त्री सगळे पाहत होते. एकदाच म्हणाले, “अस्तर फाडून लाकूड उघडं करू या. धुऊन, घासून बघतो.” वेळ नाही, असे मी सांगितले.

गाडीचा मालक, तो माहीमचा तरुण, आला. त्याने दार उघडले, आत बसला, दार लावून घेतले. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. बाहेर येऊन त्याने आपल्या शर्टाची बाही हुंगली. मग म्हणाला, “काका, मी तुम्हाला गाडी दिली होती ना? होडी नव्हती दिली.”

मी खाली पाहिले.

“आजोबांनी या गाडीत कधी कोणाला विडी ओढू दिली नाही. माझी बहीण यात बसणार? शालू नेसून? हे कोणाच्या डोक्यातून निघालं?”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. मिस्त्रींकडे हातही केला नाही, नुसते म्हणालो, “मी नको म्हणून सांगितलं होतं.” पुढे कोणाचे नाव घ्यायची गरज उरली नाही.

मालक मिस्त्रींकडे वळला. “ज्या हातात आयुष्यभर मासळी, त्या हातात गाडी दिली ही माझीच चूक. काका नको म्हणाले तरी लावलंस? ऐकू येत नाही?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. ती नजर रागाची असती तर मला सोपे गेले असते. ते वाट पाहत होते. मी काही बोललो नाही. मग ते म्हणाले, “हां. चुकलं.”

“मग ही लाकडं ज्याने घातली त्यानेच काढायची. आत्ता, माझ्यासमोर.”

मिस्त्रींनी ती काढली. पत्रा फाटू नये म्हणून एक एक खिळा सुटा करीत त्यांनी आपल्या कमानी आपल्याच हाताने उतरवल्या. मी पत्रा धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि ती गाडी दुसरीकडे गेली. बाभळीची लाकडे मागच्या कुंपणाशी पडून राहिली, मग कोणाच्या तरी चुलीत गेली.

कमानी उतरवून मिस्त्री निघाले तेव्हा मी त्यांना म्हणालो, “मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका.” ते हत्यारे गोणपाटात गुंडाळत होते. म्हणाले, “होडीत पाणी आलं का आधी भोक बुजवायचं, शेट. कोनी पाडलं ते मागाहून बघायचं.” आणि गाठ आवळून: “पण बघायचं.”

मी बघितले नाही. माझे दोन्ही कामगार गावात जेवायला, बाजाराला जात. गोष्ट दांडीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. तिथे ती हसण्याचा विषय झाली. “काय मिस्त्री, आज कोणाच्या मोटारीला फोडणी?” असे पोरेसोरे विचारीत. थट्टा विरली, तिच्यामागचा अर्थ मात्र राहिला. हा माणूस सांगितलेले ऐकत नाही. उरलेली डागडुजीची कामेही त्यांच्याकडून गेली. काही काळाने मी त्यांना एका कारखान्याच्या गेटवर, ढगळ गणवेशात, शिट्टी गळ्यात अडकवून बसलेले पाहिले. माझा जाण्याचा रस्ता तोच. ते हात वर करीत. मी फोन पाहत असल्यासारखे करी. याला मी स्वतःशी भिडस्तपणा म्हणत असे. तो भित्रेपणा होता, आणि दर सकाळी नव्याने केलेला.

यंदा पावसाळ्यात एक बाई शेडमध्ये आल्या. दांडीच्या; नवरा अंथरुणाला खिळलेला, होडीचा कारभार त्याच पाहतात. त्यांची होडी गावातल्या शेवटच्या लाकडी होड्यांपैकी. मासेमारी पुन्हा सुरू होण्याआधी तळाच्या फळ्या बदलायच्या होत्या.

“भाऊ, मिस्त्री माज्या दारात चारदा येऊन गेला,” त्या म्हणाल्या. “म्हंतो, हे एक काम दे, मग हात बांधून घरात बसतो. रडला ओ माज्यासमोर. पण लोक सांगतात, तुमी नको म्हणलात तरी त्यानं तेल मारलं. माजे दोन दीर जातात त्या होडीवर. खरं सांगा, ऐकतो का तो?”

“काम चांगलं आहे त्यांचं,” मी म्हणालो.

“काम नाय इचारलं. ऐकतो का ते इचारलं.”

आणि इतक्या वर्षांनंतर, सगळे समोर उघडे पडलेले असताना, मी म्हणालो, “बहुतेक.”

त्यांनी पदर खोचला. “मग गुजरातेतून मानूस बोलावते,” म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. एका शब्दाने मी मिस्त्रींचे हात दुसऱ्यांदा तोडले होते. पहिल्या वेळी मालकाची भीती तरी होती. या वेळी समोर भिण्यासारखे कोणी नव्हते. मी खुर्चीत बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मग स्कूटर काढली. गेटवर विचारले, तर मिस्त्री रजा टाकून किनाऱ्यावर गेलेले.

दांडीच्या वाळूत ती होडी टेकणांवर उभी होती. मिस्त्री तिच्या तळाशी वाकून फळ्यांवर बोट ठोकून आवाज ऐकत होते. कामाचा होकार नव्हता, तरी. बाई थोड्या अंतरावर दिरांशी बोलत उभ्या होत्या. जाळी शिवणारी आठदहा माणसे बसलेली. मी जवळ गेलो आणि बोलू लागलो.

“काय म्हंतय हा?” जाळीवाल्यांतला एक म्हणाला. “ओ शेट, वारा हाय. मोठ्यानं बोला, नायतर घरी जा.”

मिस्त्री सरळ उभे राहिले. माझ्याकडे न पाहता हात पुसत राहिले.

मी छातीत हवा भरली. “ताई,” मी ओरडून म्हणालो, “मघाशी मी बहुतेक म्हणालो, तेही खरं नाही. हे ऐकतात. माझं ऐकलं म्हणूनच बुडाले. गाडीला तेल मारू का असं यांनी मला विचारलं होतं, वास येईल हेही सांगितलं होतं. मारा म्हणालो तो मी. मालकासमोर मी उलटलो.”

“आणि तवा का नाय बोललात?” बाईंनी विचारले.

“घाबरलो. आणि नंतर सोयीचं वाटलं.”

कोणी हसले नाही. माझा आवाज फाटला होता, तसाच मी मिस्त्रींकडे वळलो आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, “मिस्त्री, मी खोटं बोललो. तुमचं काम तुमच्याच हातांनी मोडायला लावलं, तुमचं नाव घालवलं, आणि रोज तुमच्यासमोरून मान फिरवून गेलो. चूक माझी होती, एकट्याची. मला माफ करा.”