पुसलेलं पान

सम्राट गेला त्याला वर्ष होत आलं, तरी भागिरथीबाई बाजारच्या दिवशी लेकीला, जयमालाला, घेऊन संगमनेरच्या सायबर कॅफेत जायच्याच. बाजारहाट नंतर, आधी पोराचं बोलणं. नव्व्याण्णव साल होतं. पुण्यात नोकरीला असताना सम्राटनं इंटरनेटवर आपल्या गावाचं एक पान केलं होतं. खाली अभिप्रायाची जागा. कुठं कुठं पांगलेली माणसं तिथं लिहायची आणि हा पठ्ठ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचा. मस्कतहून खर्डा गावच्या कुणी लिहिलं, तर म्हणे, 'या की घरी, आमच्या आईची शेंगुळी खाऊन जा.' जयमालानं एवढं वाचलं की बाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मग रडायच्या. मोटरसायकलच्या अपघातानं पोरगा नेला होता, त्याचं बोलणं तेवढं उरलं होतं.

मग कॅफेत नवे कॉम्प्युटर आले आणि पान नीट दिसेना. अभिप्रायाचा प्रोग्राम जुना, अक्षरांच्या जागी नुसता कचरा. जयमाला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, हट्टाला पेटली. महिनाभर खपून तिनं प्रोग्राम सगळा नव्या पद्धतीनं लिहून काढला, आणि इंटरनेटवर चढवायच्या आधी तिथलं जुनं सगळं पुसून टाकलं. का, तर कणगीत जुन्या दाण्यावर नवा दाणा ओतायचा नाही, झाडूनपुसून मगच भरायचं, ही घरची शिकवण हाडात भिनलेली! अगं बाई, दाण्याला कीड लागते, भावाच्या बोलण्याला लागते का? सम्राटची उत्तरं त्या पुसलेल्यातच होती. दुसरी प्रत नव्हती. कॅफेवाल्या आसारामनं पान ठेवणाऱ्या कंपनीला लिहून पाहिलं. आता काही परत येणार नाही, असं उत्तर आलं.

आईला सांगायचं कोणत्या तोंडानं? पुढच्या बाजारी दोघी येऊन बसल्या. नवं पान झकास उघडलं. खाली मात्र पांढरं फटफटीत.

"वाच," भागिरथीबाई म्हणाल्या.

जयमालानं पडद्यावर डोळे रोवले आणि आठवणीतलं म्हणायला लागली. मस्कतवाला झाला. तिसगावच्या मास्तरांना दिलेलं उत्तर झालं, तेही अर्धंमुर्धं. पुढचं काही केल्या आठवेना. दर बाजारी समोर असलेलं पाठ करतंय कोण?

"जयमाला," आई हळूच म्हणाली, "मला अक्षर येत न्हाई, पन रिकामं दिसतं की गं."

पोरीला हुंदका फुटला. "आई, माज्याच हातनं पुसलं गं. समदं गेलं."

भागिरथीबाई खुर्ची लेकीजवळ ओढून म्हणाल्या, "त्या मस्कतवाल्याचं परत म्हन. तेवडं तरी इसरू नको."