रुखमाची पहिली कॅसेट

त्या दुपारी मी अन् माझी बायको रुखमा आमच्या पहिल्या कॅसेटींवर खळीनं कागद चिकटवून राह्यलो होतो. खळीचा वास आला का अजून हात थांबतो. रुखमा ढोलकीवर भरभर बोलून गाणं करे. शहरातला कॅसेटवाला म्हणाला, "हे गाणं नाही, भांडण हाय." म्हणून आमीच कंपनी काढली.

"अवो, माझं नाव वाकडं काऊन लावता? भांडू का?" म्हणत ती हसली अन् आडवी झाली. मी म्हटलं, "ऊठ, नाटकी." ती उठलीच नाही. आता वाटते, ते हसणं नव्हतंच, दम अडकला होता.

दुसऱ्या सकाळी, घरात सुतक असताना, मी कॅसेटी घेऊन वांकिडीच्या बाजारात गेलो अन् टेप लावला. लोक हसले. एक बाई म्हणाली, "हिले समोर आणा ना!"

मी आवाज वाढवला.