जालिंदरचा लाल गोल

जालिंदर सकाळी उठला की चहाच्या आधी ठसे बघून येतो. महाळुंगे पडवळच्या पुढे, ओढ्याच्या काठाला त्याची वस्ती. पस्तीसेक घरं आणि चारी बाजूंनी ऊस. उसात बिबट्या असणार हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तो आज कोणत्या बांधावरून गेला एवढंच काय ते रोजचं कोडं, आणि ते सोडवायचं काम गेली दहा वर्षं जालिंदरने आपण होऊन अंगावर घेतलं आहे. त्याला कोणी नेमलेलं नाही. वनखात्याची माणसं आली की गाडी आधी त्याच्या दारात थांबते, एवढाच मान. पण त्या मानावर गडी खूश असतो.

माणूस मूळचा मेंढरांतला. बापाची दीडशे मेंढरं होती, आता याच्याकडे वीस उरलीत. बाकी कांदा आणि टोमॅटो. बापाची एक रीत मात्र त्याने सोडलेली नाही. दिवस कलला की वाघूर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळं ताणायचं, आणि एकेक मेंढरू हाताखालून आत सोडत मोजायचं. एक जरी कमी भरलं तरी ते कोणतं, कुठे राहिलं, हे कळल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. हिरा, त्याची बायको, या एका गोष्टीवरून वीस वर्षं बडबडते आहे आणि वीस वर्षं त्याचं जेवण झाकून ठेवते आहे.

याच माणसाने मेंढवाड्याच्या खांबावर कॅमेरा बसवला आणि व्हॉट्सॲपवर 'बिबट्या दक्षता' नावाचा ग्रुप काढला. बघता बघता आजूबाजूच्या चार गावांची चारशे बारा माणसं त्यात आली. मेंढरांसारखीच त्याने तीही शिस्तीत ठेवली. नियम मोजके. जुनं काही टाकायचं नाही, बाहेरगावचं टाकायचं नाही, आणि क्लिप कापायची नाही. या शेवटच्या नियमामागे एक किस्सा होता. कोणा उपटसुंभाने मागे आठ सेकंदांची तुटकी क्लिप टाकून 'आपल्या शाळेमागे बिबट्या' असं लिहिलं होतं. तीन दिवस पोरं घरी बसली, आयाबाया रडकुंडीला आल्या, आणि शेवटी कळलं की ती शाळाच आपल्याकडची नाही. तेव्हापासून जालिंदरने सांगून टाकलं, "कॅमेऱ्यानं पायलं तेवढं समदं टाकायचं. मधलं कापलं की लोकं संशय घेत्यात."

बोलणं अगदी खरं होतं. पुढे घात केला तो याच खरेपणाने.

अजून एक रीत होती. कॅमेऱ्यातलं संध्याकाळचं चित्र करडं येतं, त्यात बिबट्या लवकर सापडत नाही. म्हातारी माणसं वैतागायची, "कुटं हाय रं? मला नुसता पालाच दिसतोय." म्हणून जालिंदर मोबाइल सार्थककडे द्यायचा. सार्थक त्याचा मुलगा, दहावीला. "बाळा, गोल कर." सार्थक बिबट्याभोवती लाल गोल ओढायचा. पोरगा डावखुरा, डाव्या अंगठ्याने ओढायचा, त्यामुळे गोल कधी नीट मिटायचा नाही, खाली एक शेपटी राहायची. लोकांना ती शेपटी पाठ झाली होती. शेपटीवाला गोल म्हणजे जालिंदरकडची बातमी, म्हणजे पक्की. बापलेकाला त्याचा कोण अभिमान!

जानेवारीत तोडणीला ऊस उभा होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी जालिंदर मेंढवाड्याच्या खांबावरल्या कॅमेऱ्यातलं आदल्या संध्याकाळचं बघत बसला होता. सव्वासहाची, पाऊण मिनिटाची क्लिप. सुरुवातीला उसाच्या कडेला दोघंजण बोलत उभे. मग एकजण सायकलवर बसून निघून गेला, दुसरी आकृती वस्तीकडे चालू लागली, आणि तिच्या मागून, रस्ता ओलांडून, ऐटीत बिबट्या गेला. पूर्ण वाढलेला नर. जालिंदर हरखला. त्याने तो तुकडा सहा वेळा पाहिला. सहाही वेळा बिबट्याच पाहिला. सार्थककडून गोल करून घेतला, क्लिप नियमाप्रमाणे अख्खी टाकली आणि खाली लिहिलं, 'बघा, माणूस पुढे, बिबट्या मागे. संध्याकाळचे एकटे फिरू नका.'

ते पुढचं माणूस कोण, हे त्याने पाहिलंच नाही.

चारशे बारा माणसांनी मात्र पाहिलं. दुपारपर्यंत ग्रुपवर बिबट्याचं नाव निघेनासं झालं. ती श्रेया होती, संपतची मुलगी. संपत भावकीतला, जालिंदरपासून चार घरं पलीकडे. सायकलवर गेला तो प्रबुद्ध, द्रौपदाबाईंचा नातू, पलीकडच्या बुद्धविहाराजवळ राहणारा. दोघंही दहावीला, सार्थकच्याच वर्गात. काय बोलत होते ते कॅमेऱ्याला ऐकू येत नाही, आणि खरं विचाराल तर ते ऐकण्याचं कोणाला कारणही नव्हतं. पण पोरगी धनगराची आणि पोरगा बौद्ध म्हटल्यावर ज्यांना घरात कोणी विचारत नाही त्यांच्याही जिभेला धार आली. संध्याकाळी एक फोटो फिरायला लागला. क्लिपच्या सुरुवातीचा, ती दोघं उभी असतानाचा, मोठा केलेला. दोघांभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, 'वाघापेक्षा डेंजर'.

जालिंदरने आपली क्लिप ग्रुपवरून काढून टाकली. काढून काय उपयोग? ती कधीच जुन्नर ओलांडून गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून श्रेयाची शाळा बंद. मोबाइल संपतने कपाटात टाकला. प्रबुद्धच्या घरासमोरून दोन मोटारसायकली उगाचच हॉर्न वाजवत तीनदा गेल्या, तेव्हा त्याच्या आजीने दार लावून घेतलं. आठवड्यात बातमी आली की श्रेयाला निमगाव सावाला मामाकडे पाठवणार आणि परीक्षेचं काही खरं नाही. पोरगी हुशार, नर्सिंगला जायचं म्हणून आठवीपासून मागे लागलेली. परीक्षा महिन्यावर आलेली. आत्ता बसली नाही तर पुन्हा तिला कोण बसवतो?

जालिंदरचं जेवणावरचं मन उडालं. त्याने आयुष्यात केलं नव्हतं असं काम काढलं. घरोघरी जाऊन तो म्हणायचा, "तेवढा फोटो काढून टाक, भाऊ. माझ्यासमोर काढ." काहींनी मुकाट्याने काढला. काहींनी "कवाच काढला राव" म्हणून मोबाइल पालथा ठेवला. एका घरी तर चहा पाजून त्यालाच विचारलं, "अजून काही हाय का कॅमेऱ्यात?" त्या माणसाच्या तोंडावर चहा फेकावा असं जालिंदरला वाटलं. पण चहा पिऊन झाला होता.

सारजाबाई म्हणून एक म्हातारी वस्तीच्या टोकाला राहते. तिला वाचता येत नाही. नातवाने तिच्या मोबाइलवर फोटो टाकून दिला होता. तिने तो जालिंदरपुढे धरला आणि सहज म्हणाली, "ही तर तुजी शेपटी की रं."

जालिंदरने चष्मा लावला. इतके दिवस त्याने तो फोटो धड पाहिलाच नव्हता, शरमेने नजर काढून घेत होता. आता पाहिला. गोल खाली मिटलेला नव्हता. शेपटी होती.

सार्थक ओट्यावर गणितं सोडवत होता. बापाने मोबाइल त्याच्यासमोर धरला. पोराचा चेहरा खर्रकन उतरला, तिथेच सगळं कळलं.

"मी फक्त वर्गातल्या चौघांना टाकला व्हता, दादा. गंमत म्हणून."

"आनि ते खाली लिवलेलं?"

"ते मी न्हाई लिवलं. पुढं कुनीतरी लिवलं. शप्पथ."

जालिंदरचा हात वर गेला. सार्थक मागे सरकला नाही. रडवेल्या आवाजात म्हणाला, "मारा. पन तुमी तरी कुनाला इचारून टाकली व्हती? तुमी मला गोल कर म्हनला, मी केला. रोजच करतो. मला वाटलं, ह्योबी तसाच."

वर गेलेला हात तसाच खाली आला. पोराला मारायचं तर आधी कोणाला मारावं लागेल, हे त्याला नको तितकं स्वच्छ दिसलं. वाघाची बातमी कशी तपासावी, हे त्याने या मुलाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. ठसा नर का मादी, ताजा का शिळा, सगळं. चित्रात माणूस असला तर काय करायचं, ते कधी शिकवलंच नव्हतं. कारण त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "चपला घाल."

संपत अंगणात बाजेवर बसला होता. दोघांना पाहून उठला नाही, या म्हणाला नाही. बारा दिवसांत त्याची दाढी वाढली होती. जालिंदर उभ्यानेच बोलला. "क्लिप माझी. फोटोवरचा गोल ह्याचा. दुसऱ्या कुनाचं नाव घ्यायला जागा न्हाई, संपत. चूक माझ्या घरातनं झाली. तू काय बोलशील ते ऐकून घ्यायला आलोय."

"बोलून काय व्हनार?" संपत जमिनीकडे बघत म्हणाला. "चारशे घरांत माझी पोरगी बघून झाली. आता तू मला परत काय आनून देनार?"

सार्थकने मान वर न करता "चुकलं काका" म्हटलं.

दारात श्रेया येऊन उभी होती. कधी आली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. संपत खेकसला, "तू आत हो." ती आत गेली नाही.

"तात्या," ती जालिंदरला म्हणाली, "तुमच्या ग्रुपवर माझा पण नंबर आहे. पप्पांनी मोबाइल घेतला त्याच्या आधी मी ती क्लिप बघितली. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं माझ्या मागे बिबट्या होता ते." तिचा आवाज शांत होता, पण हाताने चौकट घट्ट धरली होती. "तेव्हापासून मला झोप लागत नाही. डोळे मिटले की तो मागून येतो. प्रबुद्धशी मी काय बोलत होते, हे मला सगळ्यांनी विचारलं. आईनं, पप्पांनी, मामानं, शाळेतल्या बाईंनी. तुला काही झालं नाही ना, असं एकानंही विचारलं नाही."



"अगं, असं कसं," जालिंदर पुटपुटला. एवढी माणसं, त्यातल्या कोणीतरी विचारलंच असेल. त्याने खिशातून मोबाइल काढला. क्लिप काढली होती, पण तिच्याखालचे लोकांचे निरोप तसेच होते. तो तिथेच उभ्याने वाचत गेला. एकसष्ट निरोप. 'बाप रे, केवढा मोठा'. 'पिंजरा लावा'. 'पोरगी कोण?'. मग 'ओळखली', मग हसणारे चेहरे, हसणारे चेहरे, हसणारे चेहरे. एकाने काळजीने लिहिलं होतं, 'सर्वांनी आपापली मेंढरं आत घ्यावी.'

ते त्याने स्वतःच लिहिलं होतं.

एक मेंढरू कमी भरलं तर ताटावर न बसणारा माणूस तो. कॅमेऱ्यात बिबट्याच्या पुढे एक लेकरू चालत होतं, आणि ते घरी पोचलं का, हे त्याला विचारावंसं वाटलं नव्हतं. उलट तिलाच दाखवून त्याने लोकांना शहाणपण शिकवलं होतं. जालिंदरला भरून आलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि या वयात एका लहान मुलीपुढे हात जोडले. श्रेया त्याच्याकडे बघत राहिली. असू द्या, असं काही म्हणाली नाही.

संपतने मान वर केली. पहिल्यांदाच मुलीकडे नीट पाहिलं.

"किती लांब व्हता गं?"

श्रेयाने हात लांबवून दाखवलं. "इथून त्या हौदाएवढा."

सगळ्यांनी हौदाकडे पाहिलं. पंधरा पावलं असतील नसतील. हौदावर एक बादली पालथी पडली होती आणि तिच्यावर कावळा बसला होता. संपत त्या हौदाकडे बघत राहिला, मग त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून घेतलं.

"हॉल तिकीट कवा मिळनार हाय?" त्याने विचारलं.

"सोमवारी."

"मी येतो सोडायला."

श्रेयाने चौकटीवरचा हात काढला. "या," ती म्हणाली. "पण बिबट्यासाठी या, पप्पा. माझ्यावर नजर ठेवायला येणार असाल तर मी एकटी जाईन."

सोमवारी सकाळी संपत हातात काठी घेऊन उसाच्या कडेने चालला होता आणि श्रेया त्याच्या चार पावलं पुढे होती. जालिंदरने त्यांना मेंढवाड्यातून पाहिलं. खांबावरच्या कॅमेऱ्याचं तोंड त्याने आदल्या दिवशीच रस्त्यावरून वळवून आत मेंढरांकडे केलं होतं. ती दोघं वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि शाळेत पोचल्याचा संपतचा फोन येईपर्यंत त्याने चहाला तोंड लावलं नाही.